उसनी हवा

उमरेडच्या बाजारात, तेलघाणीच्या वळणावर,
पत्र्याच्या शेडवर हातानं रंगवलेली पाटी होती:
सोनकुसरे कूलर. दुरुस्ती, ताट्या, पंप.
‘पंप’वरचा अनुस्वार उन्हानं खाल्ला
आणि टिकारामजींनी तो कधी भरला नाही.
‘गिऱ्हाईक पाटी वाचाले नाही येत, पंप न्याले येते.’

माणूस तसा चिक्कट. आधी तेच सांगते,
कारण शोकसभेत कोणी सांगितलं नाही.
खिळे मोजून द्यायचे. सुतळीचे तुकडे
गाठी मारून पुन्हा गुंडाळून ठेवायचे.
चहा एक सांगून दोन बशांत.
आणि आठ आण्यांवरून माझ्या वडलांशी
बोलणं टाकलं, ते टाकलंच.

त्या मे महिन्यात माझा भाऊ जन्मला,
आठव्या महिन्यातला, मुठीएवढा,
आणि पारा सत्तेचाळीसला टेकला.
आमच्या टिनाखाली दुपार अशी बसायची
की भिंतीला पाठ लावता येत नसे.
तिसऱ्या दिवशी हातठेल्यावर कूलर आला,
मागून टिकारामजी, डोक्याला ओला दुपट्टा,
दारातूनच खेकसत:
‘पाणी दोन टाइम भराचं. मोटर जळली
तं पैसे घेईन, सांगून ठेवतो.
आन पोट्टं हवेच्या धारेत नका ठेवू.’
बाबा समोरच उभे होते.
त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

परत मागायला कोणी आलं नाही.
होळी संपली की दुकानातला पोरगा
फक्त नव्या ताट्या घेऊन यायचा,
जुन्या काढून न्यायचा,
काड्यांचा सडा आम्ही झाडायचो.
बाबा लाजेनं गप्प, आई ऋणानं.
आम्हाला वाटायचं, ही गोष्ट आमच्यापुरतीच आहे.

ते गेले तेही मे महिन्यातच,
आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दोनला.
थोरली मुलगी रायपूरहून निघालेली, पोचायला रात्र.
नागपूरहून बर्फ घेऊन येणारी गाडी
वाटेत कुठंतरी पंक्चर होऊन उभी.
आणि कूलरवाल्याच्या घरात कूलर नव्हता.
घरातला त्यांनी आठवड्यापूर्वीच
उचलून कोणाला तरी नेऊन दिला होता.
कोणाला, ते सुमनकाकूंनाही माहीत नव्हतं.

पहिला आणला शकील टेलरच्या पोरांनी.
मग विणकर सोसायटीतल्या परातेबाईंनी, रिक्षात घालून.
मग वाचनालयाचा, निळा रंग दिलेला.
कंपाउंडरचा, एका पायाखाली वीट बांधलेला.
मग आमचा.
मी सतरा मोजले, पुढे मोजणं सोडलं.
शेजारच्या चार घरांतून वायरी आल्या,
बायांनी हंड्यांनी टाक्या भरल्या,
आणि सगळे एकदम सुरू झाले.
अंगण विमानासारखं घरघरलं.
पांढऱ्या कापडाची कड अशी फडफडली
की वाटलं, आता उठून बसतील, विचारतील,
बिल कोण भरन?

पाच मिनिटांत फ्यूज उडाला.

त्या शांततेत पंख्यांची पाती हळूहळू थांबली,
टपटप पाणी ठिबकत राहिलं,
आणि लोकांनी पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं:
तुमच्याकडेही?
कोणीतरी हसलं. मग रडलं. बहुतेक परातेबाई.

बाबा पुढे झाले.
खांद्यावरचा दुपट्टा काढून
वारा घालत उभे राहिले, जड हातानं,
आणि बावीस वर्षांनी बोलले:
‘घ्या. पैसे नाही घेत.’

मुलगी रात्री साडेदहाला पोचली.
तोवर कितीजणांचे हात बदलले असतील
त्या दुपट्ट्यावर, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं गल्लीत येऊन
एवढंच म्हटलं, आपापले घेऊन जा.
पण कोणाचा कोणता, कोणालाच ओळखेना.
सगळ्यांना तोच राखाडी रंग,
मागे त्याच गाठी मारलेल्या सुतळ्या.
माझ्या भावानं, आता सहा फुटी, एक डोक्यावर घेतला.

आमच्या घरी सध्या कोणाचा तरी आहे.
डावीकडून गळतो.
खाली परात ठेवतो आम्ही.